बेळगाव-खानापूरच्या मातीत माउंटन बाइक: महागडे पार्ट कुठे घ्यावेत, कुठे थांबावं

पहिली चांगली माउंटन बाइक घेऊन काही महिने झाले की प्रश्न सुरू होतात. गिअर काढून शिमानो कंपनीचा महागडा एक्सटी संच टाकू का? कार्बनचं हँडल घेऊ का? हलकी चाकं बसवली तर चढण सोपी जाईल का? टिळकवाडी, खानापूर किंवा निपाणी, कुठेही हौस सारखीच असते. अडचण एवढीच की ती बहुधा परदेशातले व्हिडिओ पाहून तयार झालेली असते. त्या व्हिडिओतल्या वाटा वेगळ्या, हवा वेगळी आणि पार्ट बिघडला तर शेजारच्या गल्लीत तो बदलून देणारं दुकानही असतं. आपल्याकडे जूनपासून तांबडा चिखल, उन्हाळ्यात काटे, आणि सायकल कळणारा कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

माझं मत आधीच सांगतो. आपल्या भागात पैसा आधी टायरवर, मग ब्रेकवर, मग पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरून धक्के झेलणारा भाग) घालावा. गिअरच्या बाबतीत मधल्या दर्जाला थांबावं. ग्रॅम वाचवण्यासाठीचा खर्च सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांनी करूच नये. हे असं का, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: तुम्ही कुठे चालवता?

एकाच जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख आहेत. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला जांभा दगड, तांबडी माती आणि धो-धो पाऊस. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला, म्हणजे पाण्याचा अंदाज यावा. ही माती ओली असताना चेन आणि ब्रेक पॅडवर पॉलिश पेपरसारखी घासते. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीकडे पाऊस कमी, पण काळी माती. ती भिजली की चाकाला चिकटत जाते आणि फोर्क व टायर यांच्यातली जागा भरून चाक अडतं. तिथे कितीही महागडी सायकल असली तरी उतरून ढकलावीच लागते. उन्हाळ्यात त्याच भागात बांधावर बाभळीचे काटे आणि वाटेवर सराटे पसरलेले असतात. मधल्या पट्ट्यात, म्हणजे येळ्ळूर, राजहंसगड, शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या देवरवाडीचा वैजनाथ या बाजूला, डांबर, कच्चा रस्ता आणि मोकळी खडी यांचं मिश्रण आहे.

तुमची निम्म्याहून जास्त फेरी यांपैकी कुठे होते ते प्रामाणिकपणे लिहून काढा. वर्षातून एकदा चोर्ल्याला जाणाऱ्याने चोर्ल्यासाठी सायकल सजवू नये. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका, वाट कितीही मोहात पाडणारी असली तरी.

दुसरी पायरी: आपल्या सायकलीला काय बसतं ते तपासा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा. पार्ट चांगला असणं वेगळं आणि तो आपल्या फ्रेमला बसणं वेगळं.

पुढच्या फोर्कची जी नळी फ्रेममधून वर हँडलकडे जाते, ती जुन्या आणि स्वस्त सायकलींत वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची असते, १ १/८ इंच. आजचे बहुतेक चांगले फोर्क टेपर्ड नळीचे, म्हणजे खाली दीड इंच जाडीचे येतात. तुमच्या फ्रेमची हेडट्यूब, म्हणजे ही नळी जिच्यातून जाते ती, बारीक असेल तर तो फोर्क त्यात जाणारच नाही. त्यानंतर चाकाचा ॲक्सल, म्हणजे आस. स्वस्त सायकलीत पुढे ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज असतो, चांगल्या फोर्कला १५ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल लागतो. म्हणजे फोर्क बदलला की हब (चाकाचा मधला भाग) बदला, हब बदलला की चाक नव्याने बांधा. मागेही तेच. जुन्या फ्रेमची रुंदी १३५ मिलिमीटर, नव्या बूस्ट हबची १४८.

गिअरमध्येही असाच फास आहे. शिमानोच्या १२ स्पीड डिओरे, एसएलएक्स, एक्सटी या कॅसेट (मागच्या चाकावरचे दातेरी चकत्यांचे संच) मायक्रो स्प्लाइन नावाच्या वेगळ्या फ्रीहबवर, म्हणजे हबच्या कॅसेट धरणाऱ्या भागावर, बसतात. तुमच्या चाकावर जुनं एचजी फ्रीहब असेल तर नुसती कॅसेट मागवून उपयोग नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या वरच्या दर्जाच्या कॅसेटना एक्सडी ड्रायव्हर नावाचं वेगळंच फ्रीहब लागतं. फ्रीहबऐवजी जुनं आट्यांचं फ्रीव्हील असेल, तर संपूर्ण हबच बदलावं लागेल.

म्हणून मागवण्याआधी पाच गोष्टी कागदावर उतरवा: हेडट्यूब सरळ की टेपर्ड, पुढचा ॲक्सल, मागची रुंदी, फ्रीहबचा प्रकार आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाचं बेअरिंग) आट्यांचा की दाबून बसवलेला. कळत नसेल तर व्हर्निअर घेऊन मोजा. आपल्याकडे घरटी कोणीतरी टर्नर, फिटर किंवा मशीनशॉपमध्ये असतंच, त्यांना सांगितलं तर पाच मिनिटांत मोजून देतील.

या यादीनंतर हिशेब घाला. हव्या असलेल्या पार्टची बेरीज सायकल आज विकली तर येणाऱ्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर पार्ट घेऊ नका. सायकल विका आणि वरच्या दर्जाची पुरी सायकल घ्या. कंपनी हजारोंच्या घाऊक भावात जे पार्ट बसवते, ते तुम्ही किरकोळीत एकेक करून घेता, त्यामुळे जोडत नेलेली सायकल नेहमीच महाग पडते.

एक सूचना इथेच. वीस हजारांच्या आतली, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकॉप असलेली सायकल घेऊ नका आणि असेल तर तिच्यावर खर्च करू नका. त्या मागच्या शॉकॉपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं डॅम्पिंग नसतं. चढताना पायातला जोर त्या स्प्रिंगमध्ये जिरतो. त्याच पैशात साध्या मागच्या त्रिकोणाची हार्डटेल कितीतरी बरी.

तिसरी पायरी: टायर

जमिनीला टेकतं ते फक्त टायर. पकड, आराम, पंक्चर, ब्रेक लागणं, सगळं तिथून सुरू होतं. तरीही नवा माणूस टायरकडे शेवटी बघतो. सायकलीसोबत आलेले कडक रबराचे टायर काढून चांगल्या कंपनीचे २.२ ते २.४ इंचाचे टायर टाकले तर जांभ्याच्या खडीवर सायकल एकदम वेगळी वाटते. महागड्या टायरमध्ये पैसा जातो तो मऊ रबरात आणि बाजूच्या भिंतीच्या विणीत. आपल्यासाठी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण जांभ्याची धार बाजूची भिंत कापते. शर्यतीसाठीचे अतिहलके टायर इथे टिकत नाहीत. तिथे महाग म्हणजे चांगलं हे गणित उलटं पडतं.

मग ट्यूबलेस करा. काटेरी भागात याच्याइतका परतावा कुठलाच पार्ट देत नाही. सराट्याने पडलेली बारीक भोकं आत घातलेलं सीलंट (चिकट द्रव) स्वतःच बुजवतं, आणि ट्यूब चिमटून होणारं पंक्चर राहत नसल्यामुळे हवा कमी ठेवता येते. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये २२ ते २८ पीएसआय पुरतात. ट्यूब असेल तर तीसच्या आसपास ठेवा. सीलंट मात्र कायमचं नसतं. मार्च ते मेच्या उन्हात ते लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा आणि भरा. आणि ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब जवळ ठेवाच, टायर फाटला तर सीलंट काही करू शकत नाही.

व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा प्रकारचा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याची नळी त्याला बसत नाही. पितळेचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच आवळून ठेवा.

चौथी पायरी: ब्रेक

चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावाकडे उतरताना किंवा राजहंसगडाच्या उतारावर पावसात ब्रेकची परीक्षा होते. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर साधे हायड्रॉलिक ब्रेक घ्या. शिमानोचे सगळ्यात खालच्या दर्जाचे हायड्रॉलिक ब्रेकसुद्धा बहुतेक केबल ब्रेकपेक्षा एका बोटात चांगले लागतात. त्यावरचे चार पिस्टनचे महागडे ब्रेक जड माणसाला, लांब उताराला किंवा ई-बाइकला उपयोगी. येळ्ळूर-मंडोळीच्या फेऱ्यांना दोन पिस्टन पुरे.

ब्रेक न बदलताही दोन गोष्टी करता येतात. पुढची डिस्क १६० ऐवजी १८० मिलिमीटरची केली तर तेवढ्याच दाबात सुमारे साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो. फोर्कला तेवढी चालते का हे आधी बघा. दुसरं, पॅड. रेझिन पॅड शांत असतात, पण ओल्या तांबड्या मातीत भराभर झिजतात. मेटल पॅड जास्त टिकतात, आवाज करतात. स्वस्त डिस्कवर ती फक्त रेझिन पॅडसाठी असल्याचं कोरलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावलेत तर डिस्कच खाल्ली जाईल.

तेलाबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१. गाडीच्या गॅरेजमध्ये मिळणारं डॉट ब्रेक ऑइल मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये घातलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. उद्यमबाग-मच्छे भागात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कितीतरी कारखाने आहेत, सील आणि तेलाचं नातं तिथल्या कामगाराला शिकवावं लागत नाही. पण सायकल कोपऱ्यावरच्या दुकानात सोडून येणाऱ्याने बाटलीवरचं नाव स्वतः वाचावं. डॉट तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून आपल्या पावसाळी हवेत ते वर्षातून एकदा बदलणं बरं. कारागीर जवळ नसेल तर मिनरल ऑइलचे ब्रेक सोयीचे, असं मला वाटतं.

पाचवी पायरी: फोर्क

खालच्या दर्जाच्या फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते. वर फिरवायची गुंडी असते, पण तिने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त थोडी आधीच दाबली जाते. पंचावन्न किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या माणसाला एकच स्प्रिंग. हवेवर चालणाऱ्या फोर्कमध्ये छोट्या शॉक पंपने आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते, आणि तो बहुतेक वेळा अर्धा किलो तरी हलका असतो. स्प्रिंगवरून हवेवर जाणं हा या सगळ्या यादीतला सर्वात जाणवणारा बदल आहे.

हवेचा फोर्क घेतल्यावर तो जुळवून घ्या. पाय पॅडलवर ठेवून नेहमीसारखे उभे राहा आणि फोर्क किती दबतो ते नळीवरच्या रबरी रिंगने मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये वीसच्या आसपास दबला पाहिजे. फार महागड्या फोर्कमध्ये पैसा जातो तो आतल्या डॅम्परमध्ये: हळू दाब आणि अचानक धक्का यांना वेगवेगळा प्रतिसाद देता येतो. तो फरक खरा आहे, पण तो खडकाळ उतारावर वेगात जाणाऱ्याला कळतो. शिवाय असे फोर्क सेवा मागतात. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी खालच्या नळ्यांची साफसफाई आणि तेल दर ५० तासांनी करायला सांगते. पावसाळ्यात आठवड्याला पाच-सहा तास चालवणाऱ्याचे ते दोन-अडीच महिन्यांत होतात. हे काम स्वतः शिकणार नसाल आणि प्रत्येक वेळी फोर्क पुण्याला पाठवणार असाल, तर तो खर्च किमतीत धरा.

सहावी पायरी: गिअर, आणि ग्रॅमचा हिशेब

शिमानोच्या माउंटन बाइक गिअरची उतरंड खालून वर अशी: टुर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. २०२३ पासून खालच्या काही नावांच्या जागी क्यूज ही मालिका आली. टुर्नीवरून डिओरेवर गेलात तर गिअर पडण्यातला फरक पहिल्या चढणीवर कळतो. मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चेन ताणून धरणारा क्लच मिळतो, म्हणून खडबडीत रस्त्यावर चेन उडत नाही. डिओरेवरून एक्सटीआरवर गेलात तर मुख्यतः वजन कमी होतं.

किती? १२ स्पीड डिओरेची १० ते ५१ दात्यांची कॅसेट सुमारे ५९० ग्रॅमची, एक्सटीआरची सुमारे ३७०. फरक २२० ग्रॅम, किंमत कित्येक पट. आता माणूस, सायकल, पाणी, हत्यारं मिळून ९० किलो धरा. चढावर जवळपास सगळा जोर वजन उचलण्यात जातो, म्हणून २२० ग्रॅम म्हणजे पाव टक्क्याहून थोडं कमी. तासभराच्या चढणीला सुमारे ९ सेकंद. अर्धा लिटर पाण्याचं वजन या फरकाच्या दुपटीहून जास्त आहे.

त्याच्या बदल्यात काय गमावता? डिओरेच्या चकत्या पोलादी आहेत. एक्सटीआरच्या मोठ्या चकत्या ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या. तांबड्या मातीच्या घासणीत पोलाद जास्त दिवस टिकतं. म्हणजे इथे स्वस्त वस्तू नुसती स्वस्त नाही, तर आपल्या मातीला जास्त योग्य आहे. क्यूजमधल्या लिंकग्लाइड कॅसेटचे दातेही मुद्दाम जाड ठेवलेले आहेत. शिमानो त्यांचं आयुष्य जुन्या हायपरग्लाइड (एचजी) कॅसेटच्या तिप्पट सांगते, आणि त्या साध्या एचजी फ्रीहबवर बसतात. घाई नसलेल्या, रोज चालवणाऱ्याला ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

बिनवायरचे इलेक्ट्रॉनिक गिअर छान चालतात. केबलच नसल्यामुळे केबलमध्ये चिखल जाण्याचा प्रश्न मिटतो, हा आपल्या पावसात खरा फायदा आहे. पण जांभ्याच्या एका दगडावर डिरेलर आपटला तर जाणारी वस्तू चांगल्या सायकलीच्या किमतीची असते. गिअर अडखळत असतील तर त्याआधी केबल आणि तिचं बाहेरचं आवरण बदलून बघा. काही शेकड्यांच्या खर्चात निम्म्या तक्रारी मिटतात.

गिअरसाठी सगळ्यात फायद्याची वस्तू म्हणजे फूटपट्टी. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये तिच्यानंतरची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर ११ आणि १२ स्पीडची चेन बदला, आठ-नऊ स्पीडला थोडं आणखी चालतं. १/८ इंच पुढे गेली असेल तर कॅसेटही गेली असं समजा. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा. खानापूरकडचे जुने मिस्त्री सांगतात तेच खरं: "चेन वेळेवर बदल्लं तर मागचं फ्रीव्हील वाचतंय बघा."

कार्बनचं हँडल बहुधा शे-दीडशे ग्रॅमच वाचवतं आणि पडल्यावर आतून तडा गेला तरी बाहेरून दिसत नाही. टॉर्क पाना (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा) नसेल तर ते घरात आणूच नका. बोल्ट जास्त आवळला की हँडल तिथेच चिरतं.

सातवी पायरी: बेअरिंग

महागड्या हब आणि हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं तो भाग) जाहिरातीत बेअरिंगचं फार कौतुक असतं. बहुतेक चांगल्या हबमध्ये साधे, जगभर एकाच नंबरचे बेअरिंग असतात: ६९०२, ६९०३, ६००१. जुना बेअरिंग काढून त्याच्या रबरावरचा नंबर वाचा आणि शहरातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मागा. मोटरपंप आणि मशीनसाठी हेच नंबर लागतात. दुकानदार मराठीत बोलो वा कन्नडमध्ये, नंबर तोच. मागताना २आरएस सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेडमध्ये पत्र्याची झाकणं असतात, ती पाणी अडवत नाहीत. म्हणून हब घेताना छर्रे-कोनवाला घ्यायचा की कार्ट्रिज बेअरिंगचा, या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर सोपं आहे: सर्व्हिस स्वतः करणारे नसाल तर प्रमाण नंबरच्या कार्ट्रिजचा. नव्या फ्रेममध्ये आट्यांचा बॉटम ब्रॅकेट मिळत असेल तर तोच घ्या. दाबून बसवलेल्यात चिखल शिरला की करकर सुरू होते.

आणि मोटरसायकलच्या सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका. ते पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये आणि फोर्कमध्ये जातं. बादली, ब्रश, जुनं कापड, आणि वाळल्यावर चेनला पावसाळी जाड तेल.

मग महागडे पार्ट कोणासाठी?

शर्यतीत उतरणाऱ्यासाठी, जिथे काही सेकंदांवर क्रमांक ठरतो. डोंगरउतारावर वेगाने आणि वारंवार जाणाऱ्यासाठी फोर्क आणि ब्रेकमध्ये. ज्याला सायकलीचं यंत्र म्हणून प्रेम आहे, घरखर्च भागवून हातात पैसा उरतो आणि दुरुस्ती स्वतः करायची तयारी आहे, त्याच्यासाठी. वर-खाली होणारा ड्रॉपर सीटपोस्ट हा मात्र महाग असूनही नवशिक्याला मदत करणारा पार्ट आहे: तीव्र उतारावर सीट खाली गेली की तोल सांभाळणं सोपं होतं, भीती कमी होते.

घेताना एकेकच पार्ट बदला आणि मध्ये महिनाभर चालवा, म्हणजे कशाने काय फरक पडला ते कळतं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं बिल जपा. जुना फोर्क विकत घेत असाल तर चकचकीत नळीवर नख फिरवा, ओरखडा लागला तर सोडून द्या. जुनं कार्बन, कितीही स्वस्त मिळालं तरी, घेऊ नका.

पहिला पाऊस पडायच्या आत मात्र एक वस्तू घरात असू द्या: डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर. बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो आणि तो इथल्या दुकानांत सहसा मिळत नाही. चिखलात घसरून पडलात तर आधी तोच वाकतो, आणि तो नसेल तर टुर्नी असो वा एक्सटीआर, मागवलेलं पार्सल येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून राहते. फ्रेमचं नाव आणि वर्ष सांगून दोन मागवा. एक घरी ठेवा, एक सीटखालच्या पिशवीत, ५ मिलिमीटरच्या ॲलन कीसोबत.